अक्काच्या जिभेवरची पट्टी

४ मार्च, मंगळवार

भाचीने आज मला कामावर ठेवलं. एकसष्टाव्या वर्षी नोकरी लागलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच इसम असेन.

भाची म्हणजे अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी नाव पडलं, ते चाळिशी आली तरी सुटलेलं नाही. चांगली मोठ्या कंपनीतली प्रयोगशाळा सोडून बाईसाहेबांनी एका गोदामामागच्या दोन खोल्यांत स्वतःचा उद्योग मांडलाय. करते काय, तर जिभेवर ठेवायच्या पट्ट्या. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, कागदाहून पातळ. जिभेवर ठेवली की विरघळते, पाणी नको, गिळणं नको. आत डाळिंबाच्या सालीचा अर्क.

"मामा, सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना? आपल्या शरीरातही तसलं काहीतरी हळूहळू चालूच असतं. ते लांबवणारी द्रव्यं झाडापाल्यात असतात. सालीत तर ठासून भरलेली."

"म्हणजे म्हातारपणावर औषध!" मी म्हटलं.

"औषध हा शब्द या खोलीत काढायचा नाही. पूरक म्हणायचं. अमुक बरं होतं, तमुक जातं, असं आपण कुठेही लिहिणार नाही."

पोरगी सरळ आहे. आईवर गेली. खोटं बोलणं त्या घरात कोणाला जमतच नाही.

औषधांच्या गोळ्यांना रंगीत अंगरखे चढवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा पातळ थर म्हणजे काय ते मला कळतं. तरी "तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही, मामा," असं ती म्हणाली तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ही, माझी बायको, गेल्यापासून मी घराबाहेर पडायचो तो दुधाच्या पिशवीपुरता. अक्काकडेही महिनोन्महिने जाणं झालं नव्हतं. ती बोलवायची, मी उद्या म्हणायचो.

पांढरा डगला माझ्या मापाचा शिवून तयारच होता. भिंगरी म्हणते योगायोग. माझे हात माकडासारखे लांब आहेत, तरी बाह्या मनगटापर्यंत बरोबर. शिंप्याला दंडवत.

ही रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारायची, "आज कोणामुळे बरं गेलं, सांगा." आज भिंगरीमुळे.

६ मार्च, गुरुवार

पहिला घोळ, म्हणजे पट्टीचं मिश्रण, मी बिघडवला. कोमट पाण्यात पट्टीला धरून ठेवणारी पांढरी पूड, थोडं ग्लिसरीन, मग अर्क. मी आपला जुन्या सवयीने जोरात ढवळत सुटलो आणि सगळ्यात फेसच फेस. पट्टी वाळली ती चाळणी होऊन.

"मामा, भांडण नाही करायचं त्याच्याशी! तान्ह्याला थोपटतात ना, तसं ढवळायचं."

मग घोळ झाकून ठेवायचा, बुडबुडे आपणहून वर येऊन फुटले की काचेवर ओतायचा, पात्याने सारखा पसरायचा आणि भट्टीत मंद आचेवर वाळवायचा. दुसरा घाणा मी पसरला. काचेवरून सोलताना सबंध गुलाबी तुकडा अखंड हातात आला, गुळगुळीत, आरपार दिसणारा. भिंगरीने तो खिडकीसमोर धरला आणि माझ्याकडे अशी बघून हसली की मला वाटलं, चला, आपण अजून उपयोगाचे आहोत.

असल्या पातळ पट्टीला इंग्रजीत फिल्म म्हणतात; फिल्म बनवतो म्हटल्यावर समोरच्या न्हाव्याने विचारलं, हिरो कोण. मी म्हटलं, मीच.

७ मार्च, शुक्रवार

माझ्या कामात आणखी एक भर. रोज संध्याकाळी ताज्या घाण्यातली पट्टी घेऊन अक्काकडे जायचं आणि तिचं मत आणायचं.

"हे तुम्हीच करा, मामा. मी समोर बसले तर ती माझं तोंड बघून उत्तर देईल."

मुळात हा सगळा खटाटोप अक्कासाठीच. तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, अक्का राहिली. त्यासाठी मी कोणाकोणाचे उपकार मानू! पण घसा अरुंद झाला. गोळी अडकते, जीव घाबरा होतो. डाळिंब म्हणजे तिचा जीव की प्राण, तर दाणेही बंद आणि रस घशाला झोंबतो. त्यावरूनच भिंगरीच्या डोक्यात हे आलं, की आईला डाळिंब द्यायचं, पण घशाला कळू न देता.

अक्काने दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "दाढी केलीस! अरे वा, गुंड्या. नोकरी मानवली."

पट्टी तिने जिभेवर ठेवली. मी उत्सुकतेने बघत बसलो. ती एक अक्षर बोलली नाही. डोळे मिटले, हाताने खूण केली, जा, चहा टाक. मी चहा घेऊन आलो तोवर पट्टी गायब आणि अक्का पदराने ओठ टिपत होती.

"कशी आहे?"

"छान आहे हो. डाळिंबच."

भिंगरीला फोन केला तर पलीकडून ती किंचाळलीच.

१३ मार्च, गुरुवार

रोजचा नेम झालाय. साडेपाचला डगला काढतो, पट्टीची पुडी खिशात, अक्काकडे. पट्टी, चहा, गप्पा. तिच्याकडून निघेपर्यंत दिवे लागलेले असतात. लहानपणी मी शाळेचा डबा पाण्यात पाडला आणि तिने स्वतःचा दिला, ती गोष्ट आज तिने पुन्हा सांगितली. आई लवकर गेली आमची. मला वाढवलं ते हिने. ते ऋण फिटायचं नाही आणि मला फेडायचंही नाही, असू दे अंगावर.

एक गंमत लिहून ठेवतो. अक्काला पट्टी इतकी आवडते की ती जिभेवर असेपर्यंत बाई तोंडातून शब्द काढत नाही. आणि अक्का गप्प बसणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल! उपचार चालू असतानासुद्धा ती नर्सबाईंना स्वयंपाकाच्या खुब्या सांगत होती. आता पट्टी ठेवली की मौन. मला चहा टाकायला पाठवते आणि एकटीच चव घेते.

दोरीवर तिचे रुमाल वाळत होते, सगळ्यांवर गुलाबी डाग. म्हटलं, "अक्का, लहान मूल झालीस, तोंड पुसतेस किती!" ती हसली. पाण्याची बाटली तर सदैव कुशीत, तीही जुनीच सवय.

२० मार्च, गुरुवार

आज परीक्षा होती आणि आम्ही पास झालो.

नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई आल्या होत्या. त्यांच्याकडच्या कितीतरी जणांना गोळ्या गिळता येत नाहीत, ताजी फळं चावत नाहीत. भिंगरीने पेल्यात कोमट पाणी घेतलं, अंगाच्या उष्णतेइतकं, आणि पट्टी सोडली. पट्टी वळली, तिचे काठ सुटले आणि बघता बघता पाणी फक्त गुलाबी राहिलं. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आणि मी एकेक जिभेवर ठेवली. छान विरघळली.

"आमच्याकडच्यांना द्यायच्या म्हणजे कोणीतरी वयस्कर माणसाने वापरून बघितलंय का?" त्यांनी विचारलं.

"माझी आई रोज घेते," भिंगरी म्हणाली.

बाईंनी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पहिला माल मागितलाय. हे जमलं तर दोन खोल्यांचा उद्योग उभा राहील. नाही जमलं तर भिंगरीला पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली जावं लागेल. ती तसं म्हणाली नाही, पण घरी जाताना वाटेत दोनदा माझा हात घट्ट धरला.

२५ मार्च, मंगळवार

अक्काचं जेवण कमी झालंय. नुसतं गार दूध आणि दही. मऊ भातसुद्धा नको म्हणते. "वय झालं रे," म्हणाली. मी म्हटलं, वय माझंही झालंय, मी बघ कसा हाणतो.

पट्टीबद्दल मात्र तक्रार नाही. आज मी म्हटलं, "आता माल पक्का झालाय, रोज चव घेण्याची गरज नाही, एक दिवसाआड येतो." तर लगेच, "नको नको, रोजच आण. आवडते मला." बघा. एकीकडे अन्नावरची वासना उडतेय आणि एकीकडे आपल्या पट्टीची गोडी. भिंगरीला सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, मी भरून पावले."

देवा, असंच राहू दे.

२९ मार्च, शनिवार

सर्दी. नाक बंद. सर्दीची गोळी घेतली. डोकं भोपळा. अक्काकडे गेलो नाही, तिला संसर्ग नको. तिने फोनवर दोनदा विचारलं, "उद्या तरी येशील ना?"

३० मार्च, रविवार

आज अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी उठलो तर तोंड कोरडं ठणठणीत. नाक बंद, रात्रभर तोंडाने श्वास, वर ती गोळी. घरी पुडी होतीच. म्हटलं, सर्दीत चव कळते का बघू. पट्टी जिभेवर ठेवली, जीभ टाळूला लावली, आणि ती बया टाळूला चिकटली ती चिकटली! विरघळायचं नाव नाही. डाळिंबाची साल आधीच तुरट, होती नव्हती ती लाळही तिने ओढून घेतली. बोलायला गेलो तर बोलता येईना. शेवटी नखाने उकरून काढली. टाळू सोलवटली, डोळ्यांत पाणी आलं, रुमालावर गुलाबी डाग पडला.

तो डाग बघत मी मोरीपाशी उभाच राहिलो.

गप्प बसणं. चहा टाकायला पाठवणं. रुमाल. बाटली. गार दूध. अरे गाढवा, अरे महामूर्खा! किरणांनी लाळ आटते, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, मी तिथे हजर होतो. आम्ही सगळे घशाकडे बघत राहिलो, जिभेकडे कोणी बघितलंच नाही. आणि पट्टी तपासली कशात, तर पेलाभर पाण्यात!

सर्दीफर्दी विसरून, तोंडाला रुमाल बांधून अक्काकडे गेलो. "तोंड उघड," म्हटलं.

"हे काय दरोडेखोरासारखं? बस तरी."

"अक्का, तोंड उघड!"

मी तिच्यावर आयुष्यात आवाज चढवला नव्हता. तिने मुकाट्याने आ केला. मी बॅटरी धरली. टाळू लालभडक, दोन ठिकाणी साल निघालेली. मी बॅटरी खाली ठेवली आणि मला रडूच आलं, साठीच्या घोड्याला.

"रोज? रोज हे असं सोलून काढत होतीस?"

"रोज नाही. कधी कधी पाण्याने सुटायची. पण पाणी प्यायचं नसतं ना, पट्टी बिनपाण्याची. म्हणून तुला चहाला पाठवायचे."

"अगं पण सांगायचं नाही?"

ती थोडा वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "भिंगरी शाळेत असताना चित्र काढून आणायची, आठवतं? हत्ती आहे की घागर, कळायचं नाही. मी म्हणायचे, वा, काय सुंदर हत्ती. एकदा ती मांजर निघाली."

"हे चित्र नाही, अक्का."

"माझ्यासाठी तिने नोकरी सोडली रे. मीच कशी सांगू, की पोरी, तुझी पट्टी मलाच चालत नाही म्हणून?" मग हळूच म्हणाली, "आणि तूही रोज यायला लागला होतास."

त्याचा इथे काय संबंध, मला कळलं नाही. दुखण्यात माणूस भरकटतं. मी मलम लावून, गार दूध देऊन आलो. येताना म्हटलं, उद्या भिंगरीला सांगणार. ती म्हणाली, "हळू सांग हो."

३१ मार्च, सोमवार

हळू सांगणं मला जमत नाही. दारातून आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे टेबलावर आश्रमासाठीच्या पुड्या भरून तयार होत्या.

भिंगरी उठली. भट्टीपाशी गेली आणि बटण बंद केलं. तिच्या पाठीकडे बघत मी उभा होतो. मनात आलं, संपलं सगळं, आता ही मला हाकलणार, नाहीतर आईशी भांडणार.

"मामा, तोंड म्हणजे पेला असतो का हो?" ती म्हणाली. "इतकी वर्षं या कामात आहे मी. तोंडात ठेवायची वस्तू बनवली आणि पाण्यात बुडवून तपासली!" ती हसायला लागली, आणि हसता हसता खुर्चीत बसून ढसाढसा रडली. "वर तिच्याच नावाने त्या बाईंना सांगितलं, माझी आई रोज घेते."

मी पाठीवर हात ठेवला. अशा वेळी माझी ही असती तर नेमकं बोलली असती. मला फक्त, "होईल गं, होईल," एवढंच येतं.

तोंड धुऊन भिंगरीने स्वतः आश्रमाच्या बाईंना फोन लावला. काही लपवलं नाही. माल देणार नाही, पट्टी चुकली आहे, माझ्या आईच्या टाळूची साल निघाली, सगळं. मी बाजूला नखं खात बसलो होतो. मग बाईंचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा. "बरं झालं बाई सांगितलंत! आमच्याकडच्या निम्म्या लोकांची तोंडं औषधांनी कोरडीच असतात. मी तुमच्या भरवशावर वाटून मोकळी झाले असते. नीट जमलं की या. थांबते मी."

त्या बाईंना मी ओळखत नाही फारशी. पण आज त्यांच्यामुळे बरं गेलं.

संध्याकाळी भिंगरी आणि मी दोघंही अक्काकडे. मला वाटलं मायलेकी गळ्यात पडतील. छे. भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजपासून तू आमची मुख्य चव-अधिकारी. पुन्हा खोटं बोललीस तर बडतर्फ."

"पगार किती?" अक्काने विचारलं.

९ एप्रिल, बुधवार

पेला कपाटात गेला. आता काचेच्या थाळीवर पट्टी ठेवायची आणि वर पाण्याचा एक थेंब सोडायचा. एकच. त्यात विरघळली तर पास. जुनी पट्टी त्या थेंबाखाली मख्खासारखी पडून राहिली, उलट थाळीला चिकटली.

भिंगरीने अर्क निम्मा केला. तुरटपणा गेला तर जीभ तेवढी आखडणार नाही. मी थर पातळ करतोय, पण फार पातळ केला की सोलताना फाटतो. सकाळपासून फाडाफाडी. तोंडातून जे शब्द निघाले ते इथे लिहीत नाही.

अक्काची टाळू भरतेय. तिच्या तोंडात सध्या काही द्यायचं नाही, तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळले. सवय, दुसरं काय. तिने माझ्यासाठी डाळिंब सोलून ठेवलं होतं. मी खात होतो, ती बघत होती. "मोठ्याने चाव," म्हणाली. "ऐकू दे तरी."

१८ एप्रिल, शुक्रवार

नाही जमत. थेंबाखाली मधला भाग विरघळतो, कडा राहतात. भिंगरीचे डोळे खोल गेलेत. मी गोळ्यांच्या धंद्यातला, मला वाटलं होतं मी काहीतरी करून दाखवीन. कसलं काय. डगला मात्र छान दिसतो.

घरी येऊन बसलो तर पहिल्या घाण्यातली वाया गेलेली ती पट्टी धुवायला आणलेल्या डगल्याच्या खिशात सापडली, फेसामुळे भोकं पडलेली. फेकणार होतो. म्हटलं, बघू तर खरं, आणि बशीत ठेवून वर बोटाने थेंब सोडला. पाणी भोकाभोकांतून पसरलं आणि अख्खी पट्टी एकदम विरघळून गेली.

भिंगरीला फोन केला. "मी बिघडवलेली पट्टी चांगली आहे!" म्हटलं. तिला वाटलं मामाला ताप चढला.

२६ एप्रिल, शनिवार

आता फेस नाही, रीतसर भोकं. भिंगरीने बारीक सुयांचा रूळ करून घेतलाय, ओल्या थरावरून फिरवायचा. पट्टी जाळीसारखी, पातळ, निम्म्या अर्काची. सोबत सूचना: आधी पाण्याचा घोट घेऊन जीभ ओली करा. बिनपाण्याची म्हणून मिरवायचा हट्ट सोडला.

डॉक्टरीणबाईंनी टाळू बघून होकार दिला, तेव्हा आम्ही दोघं तसेच, मी डगल्यासकट, अक्काकडे गेलो. भिंगरी म्हणाली, "मी दाराबाहेर थांबते, माझं तोंड बघून बोलेल." ती बाहेर जिन्यात बसली.

अक्काने घोट घेतला, पट्टी जिभेवर ठेवली. ती मला चहा टाकायला पाठवते का, तेवढंच बघत होतो.

"हे काय, डगल्याचं बटण तुटलंय?" अक्का म्हणाली. पट्टी जिभेवर, आणि बोलली! "इतका जपून शिवून घेतला, बाह्यांचं माप तुझ्या जुन्या सदऱ्यावरून काढलं, आणि तू दोन महिन्यांत बटण तोडलंस? सुई आण. आणि भिंगरीला म्हणावं आत ये, जिन्यात गारठा आहे, काही कळत नाही या पोरीला. दूध उतू जाईल बघ. बघतोस काय असा, गुंड्या? रडतोस कशाला?"

बोलतच राहिली. बाहेरून भिंगरी आत आली ती तिच्या बोलण्याच्या आवाजानेच. आई बोलतेय, एवढं तिला पुरे होतं. दोघी कधी नव्हे त्या गळ्यात पडल्या आणि मी आपला सुई शोधत बसलो.

डगला अक्कानेच शिवून घेतला होता, हे आज समजलं. दोघींनी मिळून मला कामाला लावायचं आधीच ठरवलं होतं की काय? विचारणार होतो, पण राहून गेलं.

सोमवारी आश्रमाच्या बाईंकडे जायचंय. माल पक्का झाला, म्हणजे चव घेण्याचं काम संपलं. निघताना मी अक्काला तसं म्हटलं. "आता रोज यायला नको, नाही का?"

अक्काने जीभ ओठांवरून फिरवली. विचार केला. "अजून जरा कडवट लागते रे," म्हणाली. "उद्या पुन्हा आण बघू."

कडवट? डोंबलाचं कडवट! अर्क निम्मा केलाय, मला तर कडूचा लवलेश नाही लागला. भिंगरीला सांगितलं तर ती नुसती हसली आणि म्हणाली, "मामा, चव-अधिकारी म्हणतात तर कडू असेल." असेलही. जीभ तिची.

उद्या साडेपाचला जातो.